धनुष्याची लांबी (पारंपरिक धनुर्विद्या)

धनुष्याची लांबी म्हणजे धनुष्याच्या एका टोकाच्या खाचेपासून दुसऱ्या टोकाच्या खाचेपर्यंतचे, धनुष्याच्या पाठीवरून मोजलेले अंतर होय. पारंपरिक धनुर्विद्येत, म्हणजे कप्पी, दुर्बीण वा नेमदर्शक यांच्या साहाय्याशिवाय केल्या जाणाऱ्या धनुर्विद्येत, योग्य लांबीचे धनुष्य निवडणे ही पहिली पायरी मानली जाते. ही लांबी मुख्यतः धनुर्धराच्या ओढीवर ठरते. धनुष्याचा ताण किती पाउंडांचा आहे, यावरून लांबी ठरत नाही. उंचीवरूनही ती केवळ अंदाजाने ठरते.

संज्ञा

मराठीत धनुष्याला धनुष्य, धनू, चाप, कोदंड ही संस्कृतोद्भव नावे, तसेच कमठा हे बोलीतील नाव आहे. ‘तीरकमठा’ हा जोडशब्द ग्रामीण भागात आजही सर्रास वापरला जातो. तीर, कमान, तिरंदाज हे शब्द फारसीतून आले. त्यांपैकी ‘कमान’ हा शब्द धनुष्याच्या अर्थाने मागे पडून आता दाराच्या किंवा पुलाच्या वक्राकार बांधणीसाठी उरला आहे. धनुष्याच्या मधल्या भागास मूठ, तिच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांस भुजा आणि दोरीस प्रत्यंचा किंवा ज्या म्हणतात. दोरी चढवलेले धनुष्य ते सज्य.

मुठीपासून पूर्ण ओढलेल्या दोरीपर्यंतच्या अंतराला या लेखात ‘ओढ’ म्हटले आहे. पूर्ण ओढीला दोरी धरून ठेवण्यासाठी जेवढे बळ लागते तो ‘ताण’. तो पाउंडांत सांगण्याचा प्रघात आहे.

लांबी आणि ओढ यांचा संबंध

दोरी मागे ओढली की भुजा वाकतात आणि त्यांत ऊर्जा साठते. भुजा लांब असतील तर तेवढ्याच ओढीसाठी त्यांना कमी वाकावे लागते. त्या आखूड असतील तर तोच वाक थोड्या लांबीत सामावावा लागतो. पाठीकडील तंतू ताणले जातात, पोटाकडील दाबले जातात आणि ही क्षमता संपली की लाकूड कायमचे वाकते किंवा मोडते. म्हणून एकसंध लाकडाच्या किंवा बांबूच्या धनुष्याबाबत, वाकणारा भाग ओढीच्या किमान दुप्पट असावा आणि न वाकणाऱ्या मुठीची लांबी त्यात वेगळी मिळवावी, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. उदाहरणार्थ, ओढ ६० सें.मी. असेल तर वाकणारा भाग किमान १२० सें.मी. हवा. त्यात मुठीचे सुमारे २० सें.मी. आणि सुरक्षिततेसाठी थोडी अधिक लांबी धरली की धनुष्य दीड मीटरच्या आसपास जाते. ६० सें.मी. ओढ असलेल्या व्यक्तीची उंचीही साधारण तेवढीच असते. धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असावे, ही अनेक देशांत आढळणारी समजूत अशा रीतीने हिशेबाशी जुळते.

दुसरा परिणाम ओढणाऱ्याच्या हाताला जाणवतो. चांगल्या लांबीच्या धनुष्यात ओढीच्या प्रत्येक इंचाला ताण साधारण दोन ते तीन पाउंडांनी, जवळजवळ एकसारखा वाढतो. आखूड धनुष्यात शेवटच्या दोन-तीन इंचांत तो एकाएकी चढतो. यास इंग्रजीत ‘स्टॅकिंग’ म्हणतात. दोरी आणि भुजेचे टोक यांच्यातील कोन काटकोनाच्या पुढे गेला की हे घडते, कारण त्यानंतर दोरी भुजेला वाकवण्याऐवजी तिच्या लांबीच्या दिशेने खेचू लागते. अशा धनुष्यावर पूर्ण ओढीला स्थिर राहणे कठीण होते आणि बाण दर वेळी निराळ्या ओढीवरून सुटतो.

तिसरा परिणाम बोटांवर होतो. पूर्ण ओढीला दोरी बोटांपाशी कोन करते. धनुष्य जितके आखूड तितका हा कोन अरुंद, आणि तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकमेकांवर आवळली जातात. बाणाची खाच त्यांत चिमटली की बाण सरळ सुटत नाही. तीन बोटांनी ओढणाऱ्याला म्हणूनच लांब धनुष्य सोयीचे पडते. अंगठ्याने ओढण्याच्या पद्धतीत दोरी एकाच ठिकाणी अडकवली जात असल्याने अरुंद कोनाचा त्रास होत नाही. तुर्की, मोगल व कोरियन धनुर्धर अंगठ्यात जाड अंगठी घालून आखूड धनुष्ये वापरीत, त्यामागे हेही एक कारण आहे. महाभारताच्या आदिपर्वात अंगठा दिल्यानंतर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागला आणि त्याची पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असे वर्णन आहे. दोन पद्धतींतील फरक जुन्या काळी ठाऊक होता, हे त्यावरून दिसते.

लांब धनुष्याचे तोटेही आहेत. लांब भुजांचे वजन अधिक असते आणि सुटताना काही ऊर्जा त्या भुजाच हलवण्यात खर्च होते. त्यामुळे तेवढ्याच ताणाच्या व ओढीच्या आखूड धनुष्याहून बाणाचा वेग किंचित कमी पडतो. झुडपांत, बसून किंवा घोड्यावरून वापरताना खालची भुजा अडते.

भारतीय ग्रंथांतील मापे

कौटिलीय अर्थशास्त्रात चार अरत्नी, म्हणजे चार हात, या मापाला दंड व धनू अशी नावे दिली आहेत. धनुष्य हेच अंतर मोजण्याचे माप झाले होते, यावरून त्याची लांबी किती रूढ होती ते कळते. एक हात २४ अंगुळांचा आणि एक अंगुळ सुमारे पाऊण इंचाचे धरल्यास हे माप सुमारे १८३ सें.मी. भरते. अग्निपुराणात पायदळाच्या धनुष्यासाठी चार हात उत्तम, साडेतीन हात मध्यम आणि तीन हात कनिष्ठ अशी प्रतवारी आहे. ती आजच्या मापात अनुक्रमे सुमारे १८३, १६० आणि १३७ सें.मी. होते. वासिष्ठ धनुर्वेदात मनुष्याचे धनुष्य चार हातांचे आणि दिव्य धनुष्य साडेपाच हातांचे सांगितले आहे.

धनुर्वेदाच्या परंपरेत शिंगाचे शार्ङ्ग धनुष्य गजयोद्ध्यांसाठी व घोडेस्वारांसाठी, तर वेळूचे धनुष्य रथी व पायदळ यांच्यासाठी योग्य मानले आहे. ही विभागणी लांबीच्या दृष्टीने अगदी सयुक्तिक आहे. शिंग दाब आणि स्नायूतंतू ताण उत्तम सहन करतात; त्यामुळे शिंग, लाकूड व स्नायू एकत्र चिकटवून केलेले धनुष्य आखूड असूनही मोठी ओढ पेलते आणि स्वाराच्या मांडीला वा घोड्याच्या मानेला अडत नाही. वेळूला ती मुभा नाही, तो लांबच हवा. वेळूच्या धनुष्यात पेरांची संख्या विषम असावी, हा नियमही शुभाशुभाच्या भाषेत सांगितलेला असला तरी दोन्ही भुजा समतोल राखण्याशी त्याचा संबंध असावा. धनुष्याचे बळ धनुर्धराच्या बळाहून कमी असावे, कारण धनुष्यानेच जो पीडला जातो त्याला लक्ष्य दिसत नाही, असाही इशारा तेथे आहे. शिकवणाऱ्याने हा इशारा भिंतीवर लिहून ठेवावा इतका तो उपयोगी आहे.

इ.स.च्या दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक एरियन याने आपल्या ‘इंडिका’ या ग्रंथात भारतीय पायदळाचे धनुष्य ते बाळगणाऱ्या सैनिकाएवढे लांब असल्याचे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढले जात असल्याचे नमूद केले आहे. बाण तीन हातांहून थोडाच कमी असे, असेही तो सांगतो. एवढा लांब बाण टोकापर्यंत ओढला जात असेल, असे मात्र गृहीत धरू नये.

महाराष्ट्रातील बांबूचे धनुष्य

सातपुड्यातील, विशेषतः नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील भिल्ल समाजात बांबूच्या धनुष्याची परंपरा आहे. ‘भिल्ल’ हे नाव धनुष्यवाचक ‘बिल्’ किंवा ‘विल्’ या द्राविडी शब्दापासून आले, असे सामान्यतः मानले जाते. भिल्लांच्या धनुष्याचे वैशिष्ट्य म्हणजे दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्या सालीच्या चिवट पट्टीची. अशी दोरी सुतासारखी ताणली जात नाही, त्यामुळे धनुष्याचे माप आणि दोरीचे माप सुरुवातीलाच अचूक जुळवावे लागते. मानवेल या जातीचा बांबू जाड भिंतीचा, कित्येकदा जवळजवळ भरीव असतो. वाकण्याचा जोर त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंवर येतो, म्हणून ती बाजू तासून पातळ करणे टाळतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर शिकारीचा उपयोग कायद्याने संपला. धनुष्य मात्र समाजाची ओळख म्हणून टिकून आहे. पालघर परिसरातील वारली चित्रांतही धनुर्धारी शिकारी वारंवार आढळतात.

अन्य देशांतील उदाहरणे

इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या युद्धनौकेत यू वृक्षाच्या लाकडाची धनुष्ये मोठ्या संख्येने सापडली. त्यांची लांबी सुमारे १८७ ते २११ सें.मी. आहे. जपानी युमी सामान्यतः सुमारे २२१ सें.मी. लांब असून त्याची मूठ मध्यावर नसून खालून सुमारे एकतृतीयांश अंतरावर असते. खालची भुजा आखूड राहिल्याने एवढे लांब धनुष्यही गुडघ्यावर बसून वापरता येते.

लांबी निवडण्याची पद्धत

प्रथम ओढ मोजतात. सर्वांत सोपी रीत वाव मोजण्याची. दोन्ही हात आडवे पसरून एका मध्यमेच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्यास २.५ ने भागावे. १५० सें.मी. वाव असलेल्या विद्यार्थ्याची ओढ ६० सें.मी., म्हणजे सुमारे २३.६ इंच, १८० सें.मी. वाव असलेल्याची ७२ सें.मी., म्हणजे सुमारे २८.३ इंच. हा अंदाज झाला. खात्रीसाठी १० ते १५ पाउंडांच्या हलक्या धनुष्यावर, खुणा केलेला लांब बाण लावून, शिक्षकाच्या देखरेखीखाली ओढ पाहावी. जड धनुष्यावर नवखा पूर्ण ओढ घेत नाही आणि माप कमी भरते. माप झाल्यावर दोरी हळूहळू परत आणावी. बाणाविना ओढलेली दोरी सोडून दिल्यास सारी ऊर्जा भुजांतच परतते आणि धनुष्य मोडू शकते.

टोकांपाशी पुढे वळलेल्या भुजांच्या, म्हणजे रिकर्व्ह धनुष्यासाठी तीन बोटांच्या ओढीला सामान्यतः पुढील मापे सुचवली जातात: २४ इंचांपर्यंतच्या ओढीला ६२ ते ६४ इंच, २६ ते २८ इंचांच्या ओढीला ६६ इंच, २८ ते ३० इंचांच्या ओढीला ६८ इंच आणि त्यापुढे ७० इंच. शिकारीसाठी केलेली रिकर्व्ह धनुष्ये याहून आखूड असतात. सरळ भुजांच्या लाकडी धनुष्याला मात्र मागे सांगितलेला दुपटीचा नियमच लावावा. दोन मापांच्या मध्ये ओढ येत असेल तर लांब माप घ्यावे. लांब धनुष्याने फार तर वेगात थोडा तोटा होतो, आखूड धनुष्याने नेम बिघडतो आणि बोटे दुखावतात.

विकत घेताना दोन गोष्टींनी गोंधळ होतो. धनुष्यावर छापलेली लांबी अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेच्या मानकानुसार असते. त्यात धनुष्य हे प्रमाण दोरीहून तीन इंच लांब धरलेले असते. ६६ इंचांच्या धनुष्याला ६६ इंचांची दोरी मागवल्यास ती सैल पडते. तसेच त्या मानकातील ओढ मुठीच्या सर्वांत खोल भागापर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळवून सांगितली जाते. आपण मोजलेली ओढ आणि छापील ओढ यांत हा फरक लक्षात घ्यावा.

शालेय धनुर्विद्या

महाराष्ट्रातील शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यांत रिकर्व्ह व कंपाउंड यांबरोबर ‘इंडियन राउंड’ हा प्रकार असतो. त्यात देशी बनावटीचे बांबूचे किंवा लाकडाचे, नेमदर्शक नसलेले धनुष्य वापरतात. हे धनुष्य स्वस्त असल्याने ग्रामीण विद्यार्थी बहुधा याच प्रकारातून खेळाकडे वळतात. सातारा जिल्ह्यातील सरडे या गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, तर साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे २०२३ साली बर्लिन येथे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते ठरले. कंपाउंड धनुष्यात ओढ कप्पीच्या रचनेने निश्चित होते आणि लांबी दोन कप्प्यांच्या आसांमधील अंतर म्हणून मोजतात, त्यामुळे वरील नियम त्याला लागू पडत नाहीत.

शाळेत एकच धनुष्य अनेक मुलांनी आळीपाळीने वापरण्याची वेळ येते तेव्हा लांबीचा प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो. अशा वेळी गटातील सर्वांत मोठ्या ओढीच्या मुलाला पुरेल असे लांब, परंतु सर्वांत अशक्त मुलाला झेपेल इतक्या कमी ताणाचे धनुष्य घ्यावे. लहान मुलासाठी म्हणून आखूड आणि जड धनुष्य घेणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. आखूड धनुष्यावर उंच मुलाने पूर्ण ओढ घेतल्यास भुजा तडकण्याचा संभव असतो. बाणांचेही तसेच: सर्वांत मोठ्या ओढीहून बाण लांब हवेत, अन्यथा ओढताना बाणाचे टोक मुठीच्या आत येऊन डाव्या हाताला इजा होऊ शकते. नरसी नामदेव (जि. हिंगोली) यांसारख्या मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावांत धनुष्य बहुधा न पाहताच मागवावे लागते. तेथे मागणीपत्रात मुलाचे वय किंवा इयत्ता लिहिण्यापेक्षा वाव, ओढ आणि हवा तो ताण हे तीन आकडे लिहिणे उपयुक्त ठरते. बारा ते सोळा या वयात वाव झपाट्याने वाढत असल्याने दर सहा महिन्यांनी मोजमाप पुन्हा घेतात. सुट्या भागांच्या रिकर्व्ह धनुष्यात मूठ तीच ठेवून केवळ भुजा बदलता येतात. २५ इंचांच्या मुठीला आखूड, मध्यम व लांब भुजा लावून अनुक्रमे ६६, ६८ आणि ७० इंचांचे धनुष्य होते. बांबूच्या धनुष्यात ही सोय नसल्याने मूल वाढले की धनुष्य धाकट्याकडे जाते आणि त्याच्यासाठी नवे करावे लागते.