पेशींतील दोन कात्र्या

नदीचा उगम पाहावयाचा तर प्रवाहाच्या उलट चालत जावें लागतें. शास्त्राच्या इतिहासांतहि पुष्कळदां असेंच घडतें. त्याचें एक अलीकडचें उदाहरण आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

आपल्या पेशी डीएनएमधील मजकुराच्या नकला आरएनए नामक रेणूंच्या रूपानें करतात, आणि त्या वाचून प्रथिनें तयार होतात, हें आपण जाणतांच. परंतु कोणती नकल केव्हां वाचूं नये, हेंहि कोणाला तरी सांगावें लागतें.

१९९३ सालीं अमेरिकेंत व्हिक्टर अँब्रॉस, रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांनीं एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीवरील संशोधन प्रसिद्ध केलें. त्याची वाढ क्रमानें होण्यास आवश्यक असलेलें ‘लिन-४’ हें जनुक प्रथिन मुळीं देतच नव्हतें. सांपडले ते दोन आरएनए रेणु: एक अवघ्या २२ अक्षरांचा, दुसरा ६१ अक्षरांचा, स्वतःवरच दुमडून केसांतील आकड्यासारखा होणारा. धाकट्याचा मजकूर थोरल्यांतच होता. त्याच वेळीं गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, हा चिमुकला रेणु ‘लिन-१४’ जनुकाच्या नकलेशीं जुळतो व तिच्यापासून होणारी प्रथिननिर्मिति आवरतो.

२००० सालीं रुव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेंत सांपडलेला ‘लेट-७’ हा असाच रेणु मनुष्यासह अनेक प्राण्यांत आढळला. तेव्हां थोरल्यांतून धाकटा कापतो कोण, हा प्रश्न सर्वांचाच झाला.

उत्तर उलट्या क्रमानें मिळालें. शेवटची कात्री प्रथम हातीं लागली. २००१ सालीं एमिली बर्नस्टाइन, ग्रेगरी हॅनन व सहकाऱ्यांनीं फळमाशीच्या पेशींत दुपदरी आरएनएचे तुकडे करणारें ‘डायसर’ हें विकर ओळखलें. आकडाहि तेंच कापतें, असें त्याच वर्षीं दिसून आलें. पहिली कात्री, ‘ड्रोशा’, ही २००३ सालीं दक्षिण कोरियांत सोल येथें नॅरी किम यांच्या गटानें उजेडांत आणली.

आतां पेशीचा क्रम सुलट लावूं. केंद्रकांत प्रथम एक लांबलचक आरएनए तयार होतो. ड्रोशा हें विकर डीजीसीआर८ या प्रथिनाच्या साहाय्यानें त्यांतून सुमारें ७० अक्षरांचा आकडा कापून काढतें. एक्स्पोर्टिन-५ त्याला केंद्रकाबाहेर नेतें. तेथें डायसर आकड्याचें वाकलेलें टोंक छाटतें. उरतो सुमारें २२ अक्षरांचा दुपदरी तुकडा. त्यांतील एक पदर आर्गोनॉट नामक प्रथिनांत बसतो, दुसरा टाकला जातो. निवडलेला पदर आपल्याशीं जुळणाऱ्या नकला हुडकतो. मग त्यांचें वाचन थांबतें किंवा त्या नष्ट होतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. २००९ सालीं त्याचें उत्तर कटु रूपानें मिळालें. लहान मुलांच्या फुप्फुसांत होणारा एक दुर्मिळ कर्करोग ज्या कुटुंबांत आढळला, त्यांतील कित्येकांत डायसरच्याच जनुकांत बिघाड दिसला. वाढीला आवर घालणारी व्यवस्था ढळली, कीं वाढच रोग होऊन बसते.

अँब्रॉस व रुव्हकुन यांस २०२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ६१ अक्षरांचा तो थोरला रेणु १९९३ सालींच समोर होता. त्याच्यामागें उगमापर्यंत पोंचावयास दहा वर्षें लागलीं. प्रथिन न देणारें जनुक निरुपयोगी म्हणून तें तेव्हांच बाजूस सारलें असतें, तर ही वाट पहिल्याच पावलाशीं खुंटली असती.