साथीच्या दिवसांतील आपली वडीलधारी मंडळी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मंडळाच्या इतिहासातील एखादे प्रकरण मी लिहून द्यावे, असा भगिनींचा आग्रह पडला. हळदीकुंकवाच्या व बचतगटांच्या हकीकती इतर भगिनी लिहितीलच. मी २०२०-२१ सालच्या करोनाच्या साथीचे प्रकरण निवडले आहे. कारण त्या दोन वर्षांत आपले मंडळ जेवढे शिकले, तेवढे एरवी क्वचितच शिकले असेल.

साथ आपल्या मुलखाला नवी नव्हे. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने त्या वेळच्या मध्यप्रांताला जबर तडाखा दिला होता आणि आपला चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. परंतु त्या साथीने कर्त्या वयाची माणसे अधिक नेली. करोनाचा रोख वृद्धांवर होता. म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे हा आपला धर्म. पण त्यांच्यापासून दूर राहण्याची वेळ आली.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. ते मोहफुले पडण्याचे दिवस. जिने सारा जन्म पहाटे टोपली घेऊन मोह वेचला, त्या आजीला घरात बस म्हणून सांगावे कसे? शिवाय ते तिच्या हातचे चार पैसे. अखेर प्रत्येकीने आपापल्या झाडाखाली एकटीने वेचावे आणि तोंडाला पदर बांधावा, एवढा तह झाला. तो बहुतेकींनी पाळला.

एप्रिलपासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे धान्य आणि रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही आणीत असू व उंबऱ्याशी ठेवून परतत असू. आपण मोठे कार्य केले, असे वाटे. आठवड्याने एक आजी मला म्हणाली, "तांदूळ ठेवून गेलीस माय, पर दोन शब्द नाही बोललीस." मी खाली मान घातली. त्या दिवसापासून प्रत्येक भगिनीकडे पाच घरे नेमली. रोज अंगणाच्या कडेला उभे राहायचे, जेवण, झोप, खोकला विचारायचा आणि मग गावच्या गप्पा करायच्या.

तरीही आमच्या हातून एक चूक घडली. मुलगा-सून असलेली घरे आम्ही यादीत घेतली नव्हती. अशाच एका घरी मागच्या खोलीत एक वृद्धा चार दिवस ताप अंगावर काढीत होती. आपल्याला उचलून नेतील, या भीतीने तिने कोणाला सांगितले नाही. आम्हांला कळले तेव्हा उशीर झाला होता. ती वाचली नाही. भरल्या घरातही माणूस एकटे असू शकते, हे आम्ही तिच्या जिवाच्या मोलाने शिकलो.

ही भीतीही जुनीच आहे. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात जो साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७ सालचा, प्लेगच्या वेळचा. तेव्हा पुण्यात शिपाई घरात शिरून झडत्या घेत आणि लोक आजारी माणसे लपवून ठेवीत. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले आणि स्वतः प्लेगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. वृद्धांनी केवळ सेवा घ्यावी असे थोडेच आहे?

हा विचार पुढे कामी आला. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली, तेव्हा नाना अफवा उठल्या. आम्ही तरुण बायका सांगून थकलो. मग मंडळातील दोन ज्येष्ठ भगिनींनी आधी लस टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच घरोघर फिरल्या. "ताप आला, उतरला, मी ही उभी आहे," एवढेच त्या सांगत. आमच्या भाषणांपेक्षा ते अधिक पटले.

आपल्या कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार व शुभदाताई देशमुख यांनी १९८४ साली काढलेल्या संस्थेचे नावच 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' असे आहे. त्या नावाचा अर्थ मला साथीत खरा कळला.

साथ ओसरली, पण पाच घरांची ती यादी मोडू नये, एवढीच माझी भगिनींना विनंती. आता तिच्यात भरली घरेही असू द्यावीत.