गृहच्छायाचित्रण आणि कुटुंबाची स्मृती : कोडॅक कॅमेऱ्याचा अध्याय

कुटुंबाच्या इतिहासाची साधने शोधू जाता मृत्युपत्रे, जमाखर्चाच्या वह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि खासगी पत्रव्यवहार यांच्याकडे संशोधकाचे लक्ष प्रथम वळते. घरोघरी कपाटाच्या वरच्या खणात जपून ठेवलेला छायाचित्रांचा संग्रह, ज्याला व्यवहारात सर्रास 'अल्बम' म्हणतात, तो साधन म्हणून फार उशिरा मान्यता पावला. आणि मान्यता पावल्यावर त्याच्यावर वाजवीपेक्षा अधिक विश्वास टाकला गेला. कॅमेरा पदरचे काही घालीत नाही, तेव्हा अल्बमात दिसते ते कौटुंबिक जीवन यथातथ्य असलेच पाहिजे, असा त्या विश्वासामागील तर्क. वस्तुतः अल्बमात काय यावे आणि काय येऊ नये, याचे संकेत एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट देशात, आणि बऱ्याच अंशी एका कारखान्याच्या विक्रीच्या गरजांतून घडत गेले. तो देश अमेरिका, तो काळ १८८८ ते १९३० या सुमाराचा, आणि तो कारखाना न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी जॉर्ज ईस्टमन याने उभारलेला.

तत्पूर्वी कौटुंबिक छायाचित्रे नव्हती असे मुळीच नाही. १८३९ साली पॅरिस येथे डागेरची प्रक्रिया जाहीर झाली आणि अल्पावधीतच अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत छायाचित्रकारांची दालने उघडली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे हे चित्र एकमेव असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. बसणाऱ्याने निश्चल राहावे म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावीत. अशा बैठकीत हसू उमटणे अशक्यच, आणि त्या काळी ते कोणाला अपेक्षितही नव्हते. या चित्रांतील एक मोठा वर्ग मृतांच्या चित्रांचा आहे. बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर होते. मूल हिंडतेफिरते असताना त्याचे चित्र काढविण्याचा योग आलेला नसे, आणि ते गेल्यावर त्याचा चेहरा राखून ठेवण्याचा तेवढाच एक उपाय उरे. बोस्टन येथील साउथवर्थ आणि हॉज यांच्यासारख्या नामांकित छायाचित्रकारांनीही मृत व्यक्तींची समाधानकारक चित्रे काढून देण्याची आपली सोय जाहिरातीत नमूद केली आहे. आईच्या मांडीवर निजल्यासारखे ठेवलेले मूल, शेजारी त्याचे खेळणे, अशी ही चित्रे चौकटीत घालून दिवाणखान्यात मांडली जात. त्यांत लपविण्यासारखे काही आहे असे त्या पिढीला वाटत नव्हते. सारांश, कुटुंब आणि छायाचित्र यांचा आरंभीचा संबंध वियोगातून जडलेला होता.

ईस्टमन हा या धंद्यात बाहेरून आलेला गृहस्थ. १८५४ साली जन्मलेला आणि सातव्या वर्षी पितृछत्र हरपलेला हा तरुण रॉचेस्टरच्या एका बँकेत कारकून होता. ओल्या काचा, रसायनांच्या बाटल्या आणि काळा तंबू हा तत्कालीन छायाचित्रकाराचा सारा लवाजमा त्याला असह्य वाटला आणि त्याने कोरड्या काचांचा उद्योग सुरू केला. १८८८ मध्ये त्याने बाजारात आणलेली 'कोडॅक' ही पेटी मात्र निराळ्याच प्रकारची होती. (या नावाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही, 'के' हे अक्षर ईस्टमनला ठसठशीत वाटे, एवढेच त्याचे मूळ.) पेटीत शंभर चित्रांची गुंडाळी आधीच भरलेली असे. दोरी ओढून झडप सज्ज करावयाची, कळ दाबावयाची, किल्ली फिरवून गुंडाळी पुढे सरकवावयाची, एवढेच काम ग्राहकाकडे होते. किती चित्रे काढून झाली हे दाखविणारे साधन पेटीवर नसल्याने ती मोजणी त्याने स्वतः ठेवावयाची. गुंडाळी संपल्यावर सबंध पेटीच रॉचेस्टरला पाठवावयाची. तेथून अडीच इंच व्यासाची वर्तुळाकार चित्रे आणि नवी गुंडाळी भरलेली पेटी दहा डॉलरांत परत येई. पेटीची किंमत पंचवीस डॉलर, म्हणजे साध्या मजुराच्या दोनतीन आठवड्यांच्या कमाईइतकी होती. ईस्टमनने विकली ती वस्तू पेटी होती खरी, परंतु त्याने खरी क्रांती केली ती श्रमविभागात. चित्र काढणे आणि चित्र तयार करणे ही दोन कामे त्याने वेगळी केली, आणि पहिले काम इतके सोपे केले की त्याला कौशल्य म्हणण्याचे कारण उरले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आरंभीच्या या ग्राहकांना आपण कुटुंबाची स्मृती जतन करीत आहो असे वाटत असल्याचा पुरावा जाहिरातींत तरी फारसा सापडत नाही. कोडॅक हे एक खेळणे होते. दुचाकी सायकल, समुद्रस्नान, प्रवास यांच्या पंक्तीला बसणारे. शिकारीच्या उपमा जाहिरातींत वारंवार येतात. १८९३ पासून तीत झळकू लागलेली 'कोडॅक तरुणी' घराबाहेर, वाऱ्यावर, एकटी उभी असते. तिच्या भोवती कुटुंब नसते. कॅमेरा घेऊन हिंडणारांचा लोकांना उपद्रवच वाटे. १८९० च्या डिसेंबरात वॉरन आणि ब्रँडाइस या दोघा विधिज्ञांनी हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर जो सुप्रसिद्ध लेख लिहिला, त्यात गृहजीवनाच्या पावित्र्यावर आक्रमण करणाऱ्या साधनांत क्षणचित्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या यंत्राला पुढे गृहजीवनाचा रक्षक मानले गेले, ते प्रथम त्याचा शत्रू म्हणून न्यायशास्त्राच्या नजरेस आले, ही विसंगती मोठी मनोरंजक आहे.

१९०० च्या फेब्रुवारीत 'ब्राउनी' आली आणि चित्र पालटले. पुठ्ठ्याची पेटी, वर नकली चामड्याचे वेष्टन, किंमत एक डॉलर; सहा चित्रांची गुंडाळी पंधरा सेंटला. पामर कॉक्स याने लोकप्रिय केलेल्या बुटक्या यक्षांचे नाव तिला मुद्दाम दिले होते, कारण ती मुलांसाठी होती. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक पेट्या खपल्या. मुलांच्या हाती दिलेला हा कॅमेरा लौकरच मुलांकडे वळला. त्यांच्या हातून तो आईच्या हाती गेला, आणि घराचे अंगण हे त्याचे मुख्य क्षेत्र झाले.

अंगण हा शब्द येथे आलंकारिक अर्थाने योजलेला नाही. ब्राउनीचे भिंग साधे, छिद्र बारीक, फिल्म मंद आणि केंद्र कायमचे ठरलेले. सूर्य चित्र काढणाराच्या पाठीशी असावा आणि माणसे काही पावले दूर उभी असावीत, तरच चित्र उमटे. त्यामुळे या अल्बमांतील माणसे डोळे किलकिले करून पाहतात, आणि कित्येकदा पुढच्या गवतावर कॅमेरा धरणाराची सावली लांब पडलेली असते. ज्या व्यक्तीने सर्वांत अधिक चित्रे काढली, तिची उपस्थिती बहुधा त्या सावलीपुरतीच उरते. स्वयंपाकघर, माजघर, आजाऱ्याची खोली, रात्रीचे जेवण, कामावरून परतलेला बाप, यांतले काहीही या यंत्राला सहजासहजी दिसत नव्हते. चमकदिव्याचा सुरक्षित फुगा १९३० च्या सुमारास येईपर्यंत घराचे अंतरंग अल्बमाबाहेरच राहिले. गुंडाळीत चित्रे सहा, प्रत्येकाला पैसे पडणार. तेव्हा ती सहल, वाढदिवस, नवा पोशाख, पाहुणे यांच्यासाठी राखून ठेवणे ओघानेच आले. आजोबांच्या वेळी उन्हाळे अधिक उजळ होते आणि सारे कुटुंब सदैव घराबाहेर एकत्र जमलेले असे, अशी जी समजूत पुढील पिढ्यांत आढळते, तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी फिल्मची मंदगती आहे. अशा अल्बमावरून कुटुंबातील सौख्याचे अनुमान करणारे लेखन अमेरिकेत थोडे झालेले नाही; त्याबाबत सावधगिरी बाळगणे इष्ट.

याच सुमारास कारखान्याचा सूर बदलला. खेळणे एकदा विकले की विकले. परंतु स्मृतीला दर आठवड्याला नवी गुंडाळी लागते. मूल आज आहे तसे उद्या राहणार नाही, आजचा क्षण टिपला नाही तर तो कायमचा गेला, अशी हुरहूर जाहिरातींतून पद्धतशीरपणे जागविण्यात आली. कोडॅकच्या जाहिरातींचा अभ्यास नॅन्सी मार्था वेस्ट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केला आहे, आणि करमणुकीकडून स्मरणरंजनाकडे झालेले हे वळण त्यांनी सविस्तर दाखविले आहे. त्यांच्या विवेचनातील विशेष मोलाचा मुद्दा असा की, घरगुती छायाचित्रणाने मृत्यू आणि दुःख यांना कौटुंबिक चित्रांतून हद्दपार केले. अर्ध्या शतकापूर्वी ज्या मृत बालकाचे चित्र दिवाणखान्यात असे, त्याला ब्राउनीच्या अल्बमात जागा राहिली नाही. याचे सारे श्रेय वा दोष कारखान्याला देणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. याच काळात बालमृत्यू घटत होते, मरण घरातून रुग्णालयात जात होते आणि प्रेताची व्यवस्था व्यावसायिकांच्या हाती जात होती. कारखान्याने वाहता प्रवाह ओळखला आणि त्यात आपली नाव सोडली, एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल.

हद्दपार केलेला वियोग दुसऱ्या वाटेने परतला. १९१४ साली हेन्री गाइसमन या संशोधकाकडून तीन लाख डॉलरांना विकत घेतलेली एक युक्ती कोडॅकने आपल्या कॅमेऱ्यांत बसविली. पेटीच्या पाठीवरील लहानसे दार उघडून धातूच्या लेखणीने तारीख, स्थळ, नाव लिहावयाचे. ते अक्षर प्रकाशाने थेट फिल्मवर उमटे. चित्र काढणारा त्या क्षणीच भावी वाचकाला उद्देशून लिहितो, ही यातील कल्पना. स्मरणाची सोय इतक्या उघडपणे यंत्रात घातल्याचे दुसरे उदाहरण नाही. त्याच वर्षी युद्ध पेटले. खिशात मावणारा छोटा कोडॅक सैनिकांच्या सामानात जाऊन बसला. ब्रिटिश सैन्यात तर आघाडीवर खासगी कॅमेरे बाळगण्यास १९१५ पर्यंत बंदीच घालावी लागली. घरची चित्रे खंदकात आणि खंदकातली घरी, अशी ये-जा सुरू झाली. जो परतला नाही, त्याचे अंगणात हसत उभे असलेले चित्रच त्याचे स्मारक झाले. काढते वेळी त्या चित्राचा हेतू तो नव्हता. जिवंतपणीच्या क्षणचित्राने मृताच्या चित्राची जागा घेतली, आणि अल्बम चाळताना जी कालवाकालव होते तिचे कारण या अदलाबदलीत आहे. ती चित्रातील माणसाला ठाऊक नसलेले वाचणाराला ठाऊक असते.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा तुलनेने विचार करता एक भेद ठळकपणे जाणवतो. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ इतक्या लौकर स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील छायाचित्रकार होते. तरीही सामान्य मराठी कुटुंबात हाती धरावयाचा कॅमेरा येण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली. कॅमेरा अंगातील शक्ती ओढून घेतो या समजुतीमुळे बडोद्यात दादासाहेब फाळके यांचा छायाचित्रणाचा धंदा चालेना, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. फोटो आला तो प्रथम स्टुडिओतून, बहुधा लग्नानंतर जोडप्याचा. आणि भिंतीवर मानाने चढला तो माणूस गेल्यावर, हार घालून. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणे अशुभ मानणारा हा समाज, तसबीर म्हणजे कोणाची हे न विचारता ओळखतो. अमेरिकन अल्बमाने मृत्यूला वगळले, मराठी भिंतीने त्याला मध्यभागी ठेवले. पुढे आपल्याकडेही अल्बम आला, परंतु भिंत आणि अल्बम यांची सरमिसळ झाली नाही. सहलीचे फोटो कपाटात राहिले आणि वडिलांची तसबीर देवघराजवळ. ब्राउनीवरून काढलेले निष्कर्ष येथील संग्रहांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, ते यामुळेच.

उत्तरकाल थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९३५ साली कोडाक्रोम या फिल्मने स्मृतीला रंग दिला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे साठ फूट रुंदीची रंगीत दृश्ये झळकत होती. त्यांतील कित्येकांत एखादे सुखी कुटुंब असे, आणि त्यांतलेच कोणीतरी कॅमेरा घेऊन इतरांचे चित्र काढीत असे. ईस्टमन स्वतः अविवाहित राहिला. आई १९०७ मध्ये वारल्यावर रॉचेस्टरच्या प्रशस्त वाड्यात तो एकटाच होता, आणि १९३२ साली त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपविले. त्या वाड्यात १९४९ पासून छायाचित्रणाचे संग्रहालय आहे.

कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले. कारखान्यातून निघालेली शेवटची गुंडाळी छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांना देण्यात आली. छत्तीस चित्रांपैकी काही त्यांनी न्यूयॉर्कमध्ये, काही मुंबईतील चित्रपटनटांची व राजस्थानातील रबारी लोकांची काढली, आणि गुंडाळी धुण्यासाठी २०१० च्या जुलैत ते कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी गेले, कारण ती फिल्म धुणारी प्रयोगशाळा जगात तेथेच उरली होती. शेवटचे चित्र त्यांनी त्या गावच्या दफनभूमीत काढले.