गोठणारे तेल आणि आपले बडोदे

बडोद्याचा इतिहास सांगताना आपण मराठी माणसे बहुधा सयाजीराव महाराजांपाशी थांबतो. ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण, न्यायमंदिर एवढे सांगितले की आपले समाधान होते. मला त्याच्या पुढचे थोडे सांगायचे आहे.

१८९० साली महाराजांनी कलाभवन सुरू केले. रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे सूत्रधार होते. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी मिळून अलेम्बिकची स्थापना केली. पदार्थ नजरेने नव्हे, मापाने पारखावा, ही शिस्त या शहराने अशी फार लवकर अंगी बाणवली.

१९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. मे १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची पायाभरणी केली. सोव्हिएत साहाय्याने तो उभा राहिला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो देशाला अर्पण केला. चार दरवाजांच्या आत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलेही तिथे नोकरीला लागली.

तेलाचे दुखणे असे, की पुष्कळशा भारतीय कच्च्या तेलांत मेणाचा अंश जास्त असतो. मुंबई हायचे तेल तर सुमारे ३० अंशांनाच थिजू लागते. हे आपल्या गृहिणींना वेगळे सांगायला नको. पौषातल्या सकाळी मांडवीच्या गल्लीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागतेच! गंमत म्हणजे ज्या सरळ साखळीच्या मेणामुळे डिझेल इंजिनात चटकन पेटते, तेच मेण थंडीत घात करते. म्हणून ते सगळे काढून टाकणेही परवडत नाही. किती ठेवायचे, ते प्रयोगशाळा ठरवते.

तिथल्या परीक्षा तीन. तेल थंड करत जाताना ते प्रथम जिथे धुरकट होते, तो क्लाउड पॉइंट. दर तीन अंशांनी काचेची बरणी तिरपी करून पाहतात. ती पूर्ण आडवी धरूनही पाच सेकंदांत तेल हलले नाही, तर त्या तापमानात तीन अंश मिळवून पोर पॉइंट नोंदवतात. त्याआधी नमुना गरम करून घेतात, कारण पूर्वीच्या थंडीच्या खुणा तेलात राहतात. पारा झटकून मगच ताप मोजावा, तसे हे.

पण तेल वाहते म्हणजे गाडी चालतेच, असे नाही. मेणाचे बारीक कण गाळणीत अडकतात. म्हणून १९६० च्या दशकात युरोपात तिसरी परीक्षा आली. ४५ मायक्रॉनच्या जाळीतून २० मिलिलिटर तेल ६० सेकंदांत ओढले गेले नाही, की ती मर्यादा मानायची. आपल्या भारतीय मानकात ही मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे.

बडोद्याला ६ अंश पुरतात. लडाखला पुरत नाहीत. उणे ३० अंशांत तिथे डिझेल गोठते. २०१९ च्या नोव्हेंबरात पानिपतच्या कारखान्यातून उणे ३३ अंश पोर पॉइंटचे खास हिवाळी डिझेल तिकडे जाऊ लागले. मी वैद्यकीतला माणूस. मला यात बर्फात अडकलेली रुग्णवाहिका दिसते. तिच्यातल्या रोग्याचा जीव दूर कुठेतरी बरणी तिरपी करून पाहणाऱ्या एका हातावर अवलंबून असतो. त्या हाताचे नाव कुठल्याच इतिहासात येत नाही.

१९६५ च्या सुमारास कोयलीला रुजू झालेले लोक आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. आपल्या घराण्यांच्या सनदा आणि बखरी आपण जपल्या. आता वाड्यातल्या या काकांना, मामांनाही विचारा, रात्रपाळीत ते काय मोजत होते, नमुना नापास झाला तर काय करत होते. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. बडोद्याच्या इतिहासाचे हे प्रकरण त्यांच्याखेरीज कोणी लिहू शकणार नाही.