मॅकिंटॉशचा मोकळा पाय

कृती प्रसिद्ध झाली की तिच्यावर कर्त्याचा अधिकार किती उरतो, हा साहित्यचर्चेतला जुना प्रश्न आहे. एका संगणकाच्या बाबतीतही तो उपस्थित झाला आणि त्याचे उत्तर काही ग्राहकांनी सोल्डरिंग आयर्न हाती घेऊन दिले.

२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपल कंपनीने मॅकिंटॉश बाजारात आणला. किंमत २४९५ डॉलर, स्मृती १२८ किलोबाइट. त्यातले सुमारे २२ किलोबाइट पडद्यावरचे चित्र सांभाळण्यातच खर्ची पडत. मॅकराइट या लेखनप्रणालीची पहिली आवृत्ती सारा मजकूर स्मृतीतच ठेवी. त्यामुळे मोजकी पाने झाली की जागा संपे. दीर्घ निबंध तुकड्यातुकड्यांनीच लिहावा लागे. स्मृती वाढविण्याची सोय मात्र ग्राहकासाठी ठेवलेली नव्हती.

या यंत्राच्या निर्मितीत सहभागी असलेले अँडी हर्ट्झफेल्ड यांनी आपल्या आठवणींत यामागची हकीकत सांगितली आहे. सर्किटची रचना करणारे बरेल स्मिथ यांना ही स्मृती लवकरच अपुरी पडेल अशी धास्ती होती. पुढच्या पिढीच्या चिप बसविता याव्यात म्हणून बोर्डावर काही जादा जोडरेषा ठेवाव्यात, असे त्यांनी सुचविले. ग्राहकाने यंत्राच्या पोटात हात घालणे स्टीव्ह जॉब्ज यांना मान्य नव्हते. अधिक स्मृती हवी असेल त्याने नवे यंत्र घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. स्मिथ यांनी त्या रेषा तशाच राहू दिल्या आणि जॉब्ज यांच्यापाशी कोणी वाच्यता केली नाही.

यातली युक्ती समजून घेण्याजोगी आहे. बोर्डावर ६४ किलोबिटच्या १६ चिप होत्या. प्रत्येकीला १६ पाय. त्यांपैकी एक निरुपयोगी. २५६ किलोबिटच्या नव्या चिपमध्ये हाच पाय पत्ता कळविण्याच्या कामी येई. स्मृतीतल्या जागेचा पत्ता दोन हप्त्यांत, आधी ओळ आणि मग स्तंभ असा दिला जातो. म्हणजे एक पाय दोनदा राबतो आणि क्षमता चौपट होते. तेवढ्याच १६ चिपमध्ये ५१२ किलोबाइट!

सप्टेंबर १९८४ मध्ये ॲपलनेच ५१२ किलोबाइटचा मॅकिंटॉश ३१९५ डॉलरला आणला. जानेवारी १९८५ च्या ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ने जुने यंत्र घरीच वाढविण्याची कृती छापली. काम जोखमीचे होते. २५६ पायांचे सोल्डर वितळवून जुन्या चिप काढायच्या, बोर्डावरचे तांबे उखडू द्यायचे नाही, एक जादा मल्टिप्लेक्सर चिप बसवायची. शिवाय यंत्र बंद केल्यावरही पडद्याच्या नळीत उच्च दाबाची वीज टिकून राहण्याचा धोका.

तेव्हा ग्राहकाचे हे स्वातंत्र्य केवळ बंडखोरीतून आले नाही. निर्मात्यांपैकीच एकाने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती आणि एका मासिकाने ती सर्वांना दाखवून दिली.

या यंत्राच्या पेटीच्या आतल्या बाजूस, ते घडविणाऱ्यांच्या १९८२ साली घेतलेल्या सह्या उमटविलेल्या आहेत. पेटी न उघडणाऱ्या मालकाला त्या कधीच दिसत नाहीत. त्यांत जॉब्ज यांचीही सही आहे.