शेंदरी अळीची वंशावळ

उस्मानपुऱ्यातून क्रांती चौकात आले की जालना रोड लागतो आणि साठेक किलोमीटरवर जालना. या रस्त्याच्या दोन्ही टोकांचा कापसाशी जुना संबंध आहे. औरंगाबादेत सूतगिरणी उभी राहिली ती १८८९ साली, तिच्यात सातशे माणसे कामाला होती. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत एकट्या जालन्यात सरकी काढणारे नऊ कारखाने आणि गाठी बांधणाऱ्या पाच प्रेस झाल्या. निजामाच्या राज्यातला तो कापूस म्हणजे गावरानी : आखूड बोंडाचा, देशी जातीचा, आपल्या मातीत आणि आपल्या किडींत वाढलेला.

याच जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे 'महिको', सुरू केली. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने देशातले पहिले जनुकीय परिवर्तित पीक मंजूर केले, तेव्हा परवानगी मिळालेली तिन्ही कापूस वाणे महिकोची होती. तांत्रिक भागीदार अमेरिकेतली मोन्सँटो. बीटी कापसाचा भारतातला अधिकृत इतिहास अशा रीतीने जालन्यातून सुरू होतो. ('अधिकृत' म्हणण्याचे कारण, आदल्याच वर्षी गुजरातेत परवानगीविना पेरलेला बीटी कापूस सापडला होता.) त्या इतिहासाचा दुसरा अंक २०१७ साली आला. त्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात हिरवीगार, भरलेली बोंडे फोडली की आत शेंदरी अळी दिसे आणि कापसाच्या जागी डागाळलेली, चिकटलेली कवडी. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात भरपाईची घोषणा झाली. काही शेतकऱ्यांनी उभ्या पऱ्हाटीवर नांगर घातला.

त्या हिवाळ्यात एक वाक्य मी किती ठिकाणी ऐकले याची मोजदाद नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, एसटीत, वर्गातल्या पोरांच्या तोंडून, आणि शिकल्यासवरल्या अधिकाऱ्यांच्याही : 'अळीला बीटीची सवय झाली.' मी आयुष्यभर आनुवंशिकी शिकवली, त्यामुळे हे वाक्य मला खड्यासारखे लागते. ते चुकीचे आहे एवढेच कारण नाही. या वाक्यावर विश्वास ठेवला तर करण्यासारखे काही उरतच नाही. सवय ज्याची त्याला होते, कधी ना कधी होतेच. प्रत्यक्षात काय घडले हे पाहिले तर ते अटळ नव्हते, असे दिसते.

आधी अळीविषयी. गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळीची शास्त्रीय नोंद झाली तीच मुळी भारतातल्या नमुन्यांवरून. १८४२ साली भरूचच्या सरकारी कापूस लागवडीतून खराब झालेल्या बोंडांतले किडे इंग्लंडला गेले आणि डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी त्यांचे वर्णन केले. मादी पात्या-फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, गुंडाळल्या जातात. आपल्याकडे त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की बाहेरून काही कळत नाही, ती आत सरकी खात बसते. औषध फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. एका हंगामात चार-सहा पिढ्या होतात आणि शेवटच्या पिढीतल्या अळ्या सरकीत किंवा जमिनीत झोपी जातात. तिच्याविषयीची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र तिच्या ताटात आहे. ती जवळपास फक्त कापूसच खाते. तिच्यापेक्षा कुप्रसिद्ध असलेली अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. हा फरक पुढे लागणार आहे.

बीटी म्हणजे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो १९०१ मध्ये रेशीमकिड्यांत सापडला, त्याला नाव जर्मनीत १९१५ मध्ये मिळाले. तो जे प्रथिन बनवतो ते अळीच्या आतड्यात सुटे होते आणि आतड्याच्या पेशींवरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. त्याला खुंटी म्हणू. खुंटीला अडकले की पुढे पेशीला भोके पडतात आणि अळी मरते. आपल्या आतड्यात ती खुंटी नाही, म्हणून ते आपल्याला लागत नाही. कापसात या प्रथिनाचे, क्राय१एसीचे, जनुक घातले म्हणजे झाडच विष तयार करते.

आता खुंटी नसलेली अळी कशी निर्माण होते? खुंटीचा नमुना अळीच्या एका जनुकात लिहिलेला असतो. पेशी विभागताना जनुकांची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की केव्हातरी चूक आली. कुठे एखादे अक्षर बदलते, कुठे एखादा तुकडा गळतो, कुठे परका तुकडा घुसतो. हेच उत्परिवर्तन. ते विष पाहून होत नाही. कापसात बीटी यायच्या कितीतरी आधी, बीटीचा गंधही नसलेल्या शेतात, लाखो अळ्यांमध्ये दोन-चार अळ्यांच्या पेशींत खुंटीच्या जनुकाची मोडकी प्रत असणारच. तिचा त्यांना काही उपयोग नव्हता, झालाच तर थोडा तोटा.

बदल आधी आणि कसोटी नंतर, हा क्रम सिद्ध केला तो १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी, जिवाणूंवर. विषाणूमुळे जिवाणूंना 'सवय' होत असती, तर वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंत टिकून राहणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी होती. प्रत्यक्षात बहुतेक नळ्यांत एखादा-दुसरा किंवा शून्य आणि अधूनमधून एखाद्या नळीत एकदम शेकडो. म्हणजे त्या नळीत बदल फार आधीच झाला होता आणि त्याचे गणगोत वाढून बसले होते. या कामासाठी त्यांना १९६९ मध्ये नोबेल मिळाले. कीटकांबाबतचा प्रश्न तर १९१४ सालीच वॉशिंग्टन राज्यातल्या ए. एल. मेलँडर यांनी विचारला होता : फवारणीला कीटक प्रतिकारक होऊ शकतात का? त्यांच्यापुढे सफरचंदाच्या बागांमधला खवले कीटक होता.

मोडक्या प्रतीचे गणित वर्गात मी फळ्यावर असे मांडत असे. प्रत्येक अळीकडे जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी प्रत धड असली तरी खुंटी तयार होते आणि अळी मरते. दोन्ही मोडक्या असल्या तरच वाचते. समजा हजार प्रतींमागे एक मोडकी आहे. तर दोन्ही मोडक्या असण्याची शक्यता हजारातून एक गुणिले हजारातून एक, म्हणजे दहा लाखांत एक. एक मोडकी, एक धड अशा अळ्या मात्र हजारात दोन. मोडक्या प्रती जवळजवळ सगळ्या अशा मिश्र अळ्यांत लपलेल्या असतात.

आता बीटी कापसाच्या सलग शेतात दहा लाखांतली ती एक अळी वाचली, पतंग झाली. तिने जोडीदार कोणता निवडावा? शेजारी सगळा बीटीच असेल तर वाचलेले पतंग तिच्यासारखेच. संतती सगळी दुहेरी मोडकी. पण शेजारी थोडा साधा कापूस असेल, तर त्यावर वाढलेले धड प्रतींचे हजारो पतंग उडत असतात आणि तिचा जोडीदार त्यांच्यातलाच निघतो. संतती मिश्र, ती बीटीवर मरते. आश्रयपट्टा ज्याला म्हणतात त्याचे सारे शास्त्र एवढेच आहे. नियम असा होता की बीटीभोवती पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के साधा कापूस, यांपैकी जे जास्त असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी मिळे.

ती पुडी कोणी पेरली नाही. एवढे सरसकट विधान मी सहसा करत नाही, पण इथे करतो. बांधावर, गोठ्यात, खोलीच्या फळीवर पडलेल्या त्या पुड्या माझ्या विद्यार्थ्यांनी मला आणून दाखवल्या आहेत. त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते : अडीच एकरांत पाच ओळी अळीला खाऊ घालायच्या, कशासाठी? शेजाऱ्याने घातल्या नाहीत तर माझ्या ओळींचा उपयोग काय? दुकानदाराने सांगितले नाही, कंपनीने पाकिटावर बारीक अक्षरात छापले, सरकारने तपासले नाही. ज्याच्या हातात सर्वांत कमी जमीन आणि सर्वांत कमी माहिती त्याच्यावर या यंत्रणेचा सगळा भार टाकला होता.

मात्र दोष पुडीपुरता नाही. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट बोंडाच्या आत आहे आणि तिच्याकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती यांनी वारंवार लक्ष वेधले. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणात आहे. आपल्याकडे तो संकरित बियाण्यात आला, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, एका पालकाकडून आलेली. या झाडाची फुले फळतात तेव्हा सरकी म्हणजे पुढची पिढी असते आणि तिथे मेंडेलचा जुना नियम लागतो. चारांतल्या तीन बियांत बीटी, एकीत नाही. एकाच बोंडात! बोलगार्ड-२ मध्ये दोन जनुके आहेत. ती स्वतंत्रपणे वाटली गेली तर सोळांतल्या नऊ बियांत दोन्ही, तीन-तीन बियांत एकेक आणि एकीत एकही नाही. आणि आपली अळी खाते ती नेमकी सरकी. ती एका बीवरून दुसरीवर जाते, कुठे पूर्ण विष, कुठे अर्धे, कुठे काहीच नाही. पातळ झालेल्या विषात मिश्र अळ्याही वाचू लागतात. मग आश्रयपट्ट्याच्या हिशेबातला 'मिश्र मरतात' हा पायाच ढासळतो.

याच तीनास एक गुणोत्तराने चीनमध्ये उलटे काम केले. यांगत्झे नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित कापसाची पुढची पिढी स्वतःच पेरत. तिथे शेतातल्या चार झाडांतले एक झाड संपूर्ण बिनबीटी. म्हणजे शेतात आपोआप आश्रय, पट्टा न आखता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या अळीची प्रतिकारकता वाढायची थांबून मागे फिरल्याचे दिसले. अमेरिकेच्या अॅरिझोनात १९९६ पासून आश्रयपट्टे खरोखर लावले गेले. पुढे २००६ ते २०१४ दरम्यान अकराशे कोटींहून अधिक वांझ पतंग विमानातून सोडले आणि २०१८ मध्ये तो देश या अळीतून मुक्त झाल्याची घोषणा झाली. म्हणजे ज्या वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे पंचनाम्यांची कागदपत्रे फिरत होती त्याच वर्षी. विष तेच होते, अळीही तीच.

आपल्याकडचा क्रम असा. बोलगार्ड-१ ला न मरणाऱ्या अळ्या गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट भागांत सापडल्याचे मोन्सँटोने २०१० मध्ये मान्य केले. तोवर २००६ पासून बोलगार्ड-२ शेजारीच पेरला जात होता. दोन विषांची योजना दोन्ही लागू पडत असतील तरच टिकते, पहिले निकामी झालेल्या अळीसमोर दुसरे एकटेच होते. २०१५ मध्ये गुजरात, २०१७ मध्ये आपण.

या अळ्यांच्या जनुकांचा पुढे तपास झाला आणि तो वाचून मला, वाईट प्रसंगातही, शिक्षकाचा आनंद झाला हे लपवत नाही. भारतातल्या अळ्यांमध्ये खुंटीच्या जनुकाच्या आठ वेगवेगळ्या मोडक्या प्रती सापडल्या (२०१४ चा अहवाल) आणि अॅरिझोनातल्या प्रयोगशाळेत मिळालेल्या प्रतींपैकी एकही त्यांच्यात नव्हती. खुंटी तीच, पण मोडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. एखादी प्रतिकारक अळी कुठून तरी आली आणि पसरली, असे ते नव्हते. ठिकठिकाणी आधीपासून असलेल्या मोडक्या प्रती एकाच चाळणीतून वर आल्या. दुसऱ्या विषाबाबत २०१८ मध्ये वेगळेच जनुक बिघडलेले आढळले. 'सवय' या शब्दात यातले काहीच मावत नाही.

आणि ताटाचा तो फरक. अमेरिकन बोंडअळीला आपल्या शिवारात तूर आहे, हरभरा आहे. तिच्यासाठी सबंध मराठवाडाच आश्रयपट्टा होता. कापसाखेरीज कशावर न जगणाऱ्या अळीला नव्वद टक्क्यांहून अधिक बीटी झालेल्या शिवारात दुसरे घरच नव्हते. त्यात फरदड. चार पैसे जास्तीचे मिळावेत म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायची, म्हणजे अळीला आणखी एक-दोन पिढ्या आणि निवडीला आणखी एक-दोन फेऱ्या. गावरानी कापूस लवकर संपे, शेत मोकळे होई. शेतीशाळांत आज कामगंध सापळे, डोमकळ्या तोडणे, डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढणे हे सांगतात, ते सगळे अळीच्या पिढ्या कमी करण्याचेच उपाय आहेत.

२०२० पासून वेगळी पुडी गेली. आता साधे बियाणे पाकिटातच मिसळून येते, पाच ते दहा टक्के, एकूण वजन ४७५ ग्रॅम. शेतकऱ्याने पेरायचे की नाही हा प्रश्न संपला. हे २००२ मध्ये केले असते तर साध्या झाडांवर धड प्रतींच्या अळ्या वाढल्या असत्या. आता त्या झाडांवर ज्या अळ्या चढतात त्यांच्यातल्या कितीजणींकडे दोन धड प्रती उरल्या आहेत, हे पाहायला प्रत्येक हंगामात बोंडे गोळा करून अळ्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात.