वीज गेल्यावर व्हॉल्व्हने काय करावे? विद्युत व न्यूमॅटिक अ‍ॅक्ट्युएटरच्या निवडीचा मूळ प्रश्न

लखनौ : ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची वीजजाळी कोसळली. दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही जाळ्या एकाच वेळी बंद पडल्या. उत्तर प्रदेश दोन्ही दिवशी अंधारात होता. गाड्या थांबल्या, दिवे गेले, हे सर्वांना दिसले. मात्र जलशुद्धीकरण केंद्रे, मलनिस्सारण केंद्रे, इंधनसाठे आणि कारखाने यांच्यासाठी अशा क्षणी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा असतो. नळमार्गांवरील व्हॉल्व्हने आता काय करावे? आहे तिथेच थांबावे, बंद व्हावे, की पूर्ण उघडावे?

औद्योगिक व्हॉल्व्हसाठी विद्युत अ‍ॅक्ट्युएटर घ्यावा की हवेवर चालणारा न्यूमॅटिक, या निवडीची चर्चा बहुधा किमतीपासून सुरू होते. प्रत्यक्षात ती वरील प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

अ‍ॅक्ट्युएटर म्हणजे काय?

मुंबई-पुण्यात पाण्याच्या वेळा सांभाळणारा चावीवाला लांब दांड्याची चावी घालून रस्त्याखालचा व्हॉल्व्ह फिरवतो. त्याच्या हाताचे काम करणारे यंत्र म्हणजे अ‍ॅक्ट्युएटर. व्हॉल्व्ह प्रवाह अडवतो किंवा सोडतो, तर अ‍ॅक्ट्युएटर त्याला हलवण्याचे बळ पुरवतो.

विद्युत अ‍ॅक्ट्युएटरमध्ये मोटर आणि दातेरी चाकांची साखळी असते. भारतात मोठ्या यंत्रांना साधारणतः ४१५ व्होल्टचा तीन फेजचा पुरवठा लागतो. व्हॉल्व्ह टोकाला पोहोचला की लिमिट स्विच मोटर थांबवतो. मध्येच दगड किंवा गाळ अडकून जोर वाढला, तर टॉर्क स्विच तिला थांबवतो. वीज नसताना हाताने फिरवण्यासाठी चाक दिलेले असते.

न्यूमॅटिक अ‍ॅक्ट्युएटरमध्ये साधारण ४ ते ७ बार दाबाची कोरडी हवा दट्ट्याला किंवा पडद्याला ढकलते. दुहेरी क्रियेच्या प्रकारात उघडणे आणि मिटणे ही दोन्ही कामे हवाच करते. एकेरी क्रियेच्या प्रकारात हवा एका दिशेने ढकलते आणि त्याच वेळी एक स्प्रिंग दाबली जाते. हवा सुटली की ती स्प्रिंग व्हॉल्व्हला ठरलेल्या स्थितीत परत नेते.

मुख्य फरक

वीज गेली की सामान्य विद्युत अ‍ॅक्ट्युएटर जिथे असेल तिथेच थांबतो. स्प्रिंगचा न्यूमॅटिक अ‍ॅक्ट्युएटर मात्र आधी ठरवून दिलेल्या जागी जातो. निवडीतील सर्वांत मोठा फरक हाच आहे.

या तत्त्वाचे परिचित उदाहरण रेल्वेच्या एअर ब्रेकमध्ये दिसते. भारतीय रेल्वेच्या डब्यांची आणि ब्रेक यंत्रणांची मानके ठरवणारी संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजे आरडीएसओ, लखनौच्या मानकनगरात आहे. गाडी धावत असताना ब्रेक पाइपमध्ये प्रतिचौरस सेंटिमीटर ५ किलोग्रॅम दाब राखलेला असतो. दाब घटला की ब्रेक लागतात. डबे तुटून वेगळे झाले, तरी प्रत्येक डब्याच्या टाकीत साठवलेली हवा त्याचे ब्रेक लावते. संकटात लागणारी ऊर्जा संकटापूर्वीच जागेवर साठवून ठेवायची, हे यामागील सूत्र आहे. व्हॉल्व्हच्या बाबतीत हेच काम स्प्रिंग किंवा हवेची छोटी टाकी करते.

पाणीपुरवठ्यात 'थांबणे' का हिताचे?

यावरून प्रत्येक व्हॉल्व्हला स्प्रिंग हवी, असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. लखनौच्या ऐशबाग जलकेंद्रात गौघाट येथून उचललेले गोमतीचे पाणी येते, तर गोमतीनगरमधील केंद्राला शारदा कालव्याचे पाणी कठौता तलावातून मिळते. लांब नळमार्गांच्या अशा व्यवस्थेत व्हॉल्व्ह एकाएकी बंद होणे हेच संकट ठरू शकते.

वाहते पाणी अचानक अडवले की त्याची गती दाबात बदलते. याला जलाघात म्हणतात. पोलादी नळात ही दाबलहर सेकंदाला साधारण १,००० मीटर वेगाने धावते. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबवल्यास नळातील दाब सुमारे १०० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे जवळपास १० बारने वाढतो. ५ किलोमीटर लांबीच्या नळात ही लहर टोकापर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे १० सेकंद लागतात. त्याहून कमी वेळात मिटणारा व्हॉल्व्ह एका क्षणात मिटल्यासारखाच घातक ठरतो.

स्प्रिंगचा अ‍ॅक्ट्युएटर काही सेकंदांत मिटू शकतो. म्हणून मुख्य जलवाहिनीवर दातेरी चाकांमधून सावकाश फिरणारा आणि वीज गेल्यास जागीच राहणारा विद्युत अ‍ॅक्ट्युएटर सोयीचा असतो.

त्याच केंद्रातील पंपाचा प्रश्न वेगळा आहे. वीज जाताच पंप थांबतो आणि वर चढवलेले पाणी उलटे वाहू लागते. तेथे व्हॉल्व्ह मिटणे आवश्यक असते, आणि नेमकी त्याच क्षणी विद्युत अ‍ॅक्ट्युएटरची ताकद गेलेली असते. हे काम एकदिशा व्हॉल्व्हकडे किंवा वजनाच्या आणि तेलाच्या दाबाच्या साह्याने टप्प्याटप्प्याने मिटणाऱ्या व्हॉल्व्हकडे सोपवावे लागते. एकाच आवारातील दोन व्हॉल्व्हना दोन वेगळी उत्तरे लागतात. संपूर्ण प्रकल्पासाठी एकच प्रकार घाऊक पद्धतीने निश्चित करणे त्यामुळे धोक्याचे असते.

जेथे 'मिटणे' अनिवार्य असते

याच्या दुसऱ्या टोकाला इंधनसाठे येतात. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळील सीतापुरा येथील इंधन साठवण केंद्रात पेट्रोलची गळती झाली. तासाहून अधिक काळ पेट्रोल वाहत राहिले, त्याची वाफ आवारभर पसरली आणि स्फोट होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. टाकीचा व्हॉल्व्ह वेळीच दूरवरून बंद झाला असता तर गळती तेथेच थांबली असती.

दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने टाकीच्या अंगाशी असलेला पहिला व्हॉल्व्ह दूरवरून बंद करता येणारा असावा, तो ऊर्जा गेल्यास सुरक्षित स्थितीत जाणारा आणि आगीत टिकणारा असावा, अशी शिफारस केली. नियंत्रण कक्षातून त्याला केवळ बंद करण्याची आज्ञा देता यावी, उघडण्याची नव्हे, हाही त्या शिफारशीचा भाग होता. अशा ठिकाणी स्प्रिंगचा अ‍ॅक्ट्युएटर हा सरळ पर्याय असतो. विद्युत प्रकार वापरायचा झाल्यास त्यात स्प्रिंग, बॅटरी किंवा अन्य ऊर्जासाठा असणे आवश्यक ठरते, आणि त्याच्या तारांनाही आगीपासून संरक्षण द्यावे लागते.

स्फोटक वातावरण

लखनौच्या भरवारा येथील मलनिस्सारण केंद्राची क्षमता दररोज ३४.५ कोटी लिटर आहे. तेथे ऑक्सिजनविरहित जैविक प्रक्रियेची यूएएसबी पद्धत वापरली जाते. या प्रक्रियेत बायोगॅस तयार होतो आणि त्यात मिथेनचे प्रमाण मोठे असते. हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास ठिणगीने पेट घेऊ शकतो. वायू साचण्याची शक्यता असलेल्या अशा भागात विद्युत अ‍ॅक्ट्युएटरला ज्वालारोधक आवरण लागते. पेट्रोलियम क्षेत्रात अशा उपकरणांना मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे.

हवेच्या दट्ट्यातून ठिणगी पडत नाही, हे न्यूमॅटिक प्रकाराचे बळ आहे. तरीही त्याला हवा सोडणारा सोलेनॉइड आणि व्हॉल्व्हची स्थिती कळवणारे स्विच विजेवरच चालतात. तेही त्या क्षेत्रासाठी प्रमाणित असावे लागतात. 'हवेचे आहे म्हणून सुरक्षित' ही समजूत अपुरी आहे.

हवेची किंमत आणि हवेचा साठा

हवा फुकट असली तरी दाबाची हवा महाग असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मार्गदर्शिकेनुसार कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेपैकी केवळ १० ते ३० टक्के ऊर्जा वापराच्या ठिकाणी पोहोचते, उरलेली उष्णतेत जाते. सांध्यांमधील गळती तर चोवीस तास सुरू असते. याउलट पाऊण किलोवॅटची मोटर पूर्ण भाराने एक मिनिट चालली तरी अवघी ०.०१२५ युनिट वीज लागते आणि थांबल्यावर नियंत्रण मंडलापुरतीच वीज पुरते. दिवसातून दोनदा हलणाऱ्या, एकमेकांपासून दूर असलेल्या व्हॉल्व्हसाठी कॉम्प्रेसर, ड्रायर आणि नळ्यांचे जाळे उभारणे परवडत नाही.

वाळूच्या गाळणीघराची स्थिती वेगळी असते. एक गाळणी धुताना पाणी, हवा आणि निचरा यांचे अनेक व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमाने हलवावे लागतात. सारे एका छताखाली असल्याने एक कॉम्प्रेसर सर्वांना पुरतो.

कॉम्प्रेसरही विजेवरच चालतो, तेव्हा हवेचा साठा हिशेबात धरावा लागतो. २ घनमीटरच्या टाकीतील दाब ७ बारवरून ४ बारपर्यंत उतरताना साधारण ६,००० लिटर मोकळी हवा मिळते. २० लिटरचा सिलिंडर ५ बार दाबाने भरण्यास सुमारे १२० लिटर मोकळी हवा लागते. म्हणजे ती टाकी कागदावर ५० हालचालींना पुरेल. गळती असेल तर हा आकडा वेगाने घटतो.

काम किती, हवामान कसे

केवळ उघडझाप करणारा व्हॉल्व्ह आणि प्रवाह सतत कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह यांत भेद करावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकांत मोटरच्या कामाचे वर्ग दिलेले आहेत. एस२ म्हणजे थोडा वेळ चालून पुरेशी विश्रांती घेणारे काम, तर एस४ म्हणजे वारंवार सुरू-बंद होणारे काम. एस२ वर्गाचा अ‍ॅक्ट्युएटर नियमनाच्या जागी बसवल्यास मोटर तापून जळते. न्यूमॅटिक अ‍ॅक्ट्युएटरला सततच्या हालचालीने अशी उष्णता सोसावी लागत नाही, म्हणून प्रक्रिया उद्योगांत नियमनासाठी तो आजही मोठ्या प्रमाणावर दिसतो.

लखनौत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हिवाळ्यात दाट धुके पडते. उन्हात तापणाऱ्या यंत्रावर छत्र असावे. आवरणाच्या आत बाष्प जमू नये म्हणून विद्युत अ‍ॅक्ट्युएटरमध्ये छोटा हीटर असतो. तो सुरू राहण्यासाठी पुरवठा कायम ठेवावा लागतो. हवेच्या नळ्यांत पाणी साचल्यास सोलेनॉइड गंजतो, म्हणून ड्रायर चालू आहे का हे पावसाळ्यात विशेष पाहावे लागते. दुरुस्तीनंतर फेज उलटे जोडले गेले तर मोटर विरुद्ध दिशेने फिरू शकते. त्यासाठी फेजक्रम तपासणारी सोय असलेला अ‍ॅक्ट्युएटर निवडावा.

मागणी नोंदवण्यापूर्वी

अ‍ॅक्ट्युएटरचे बळ व्हॉल्व्हच्या कमाल गरजेपेक्षा काहीसे अधिक असावे. न्यूमॅटिक प्रकारात हे बळ कॉम्प्रेसरजवळच्या दाबावर नव्हे, तर नळीच्या शेवटच्या टोकाला मिळणाऱ्या किमान दाबावर मोजावे. दीर्घकाळ न हललेला व्हॉल्व्ह घट्ट बसतो, हेही ध्यानात घ्यावे. अतिरिक्त बळही हानिकारक असते, कारण त्याने व्हॉल्व्हचा दांडा पिळवटू शकतो.

निवडीचे प्रश्न क्रमाने विचारल्यास उत्तर बहुधा आपोआप समोर येते. ऊर्जा गेल्यावर व्हॉल्व्हने कोणत्या स्थितीत असावे? तेथे पोहोचण्यास किती वेळ घ्यावा? तो किती वेळा हलणार? परिसरात ज्वलनशील वायू आहे का? जागेवर वीज आहे, हवा आहे की दोन्ही? किमतीची तुलना त्यानंतर करावी.

निवड झाल्यावरही एक काम उरते. पुरवठा मुद्दाम तोडून व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे वागतो का, याची ठराविक काळाने चाचणी घ्यावी लागते. वर्षानुवर्षे न हललेली स्प्रिंग कागदावर सुरक्षित असते, परंतु ती प्रत्यक्षात काम करील याची खात्री केवळ चाचणीच देते.